दुष्काळातला ट्राउट: आधी थर्मामीटर, मग काठी

फ्लाय फिशिंग, म्हणजे माशीसारख्या दिसणाऱ्या हलक्या गळाने मासे धरणं, शिकायला मी साल निवडलं तेच चुकीचं. 2015. त्या वर्षी 1 एप्रिलला कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन सिएरा नेवाडातल्या फिलिप्स स्टेशनला बर्फाच्या मोजणीसाठी गेले, तर एरवी त्या तारखेला जिथे पुरुषभर बर्फ असतो तिथे पिवळं गवत होतं. राज्याचा बर्फसाठा सरासरीच्या 5 टक्क्यांवर आला होता. मी माणदेशातली. दुष्काळ म्हटलं की मला टँकर आणि चारा छावणी दिसते. इथे नळाला पाणी होतं, दुकानात भाजी होती, शेजाऱ्यांची हिरवळ तेवढी वाळली होती. दुष्काळ मला दिसला तो नदीत.

ऑगस्टातली दुपार होती, ट्रकी गावाच्या खालच्या अंगाची ट्रकी नदी. दोन तास नुसती फेकाफेक केल्यावर पहिला धड ट्राउट लागला. दोरा तुटेल या भीतीने मी त्याला पाच मिनिटं खेळवला, मग काठावर आणून फोटो काढला, मग दुसरा काढला, आणि मोठ्या मनाने पाण्यात सोडला. तो कुशीवर वळला. कल्ले एकदा उघडले, पुन्हा अर्धवट उघडले, आणि पांढरं पोट वर करून तो धारेबरोबर खाली गेला. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ गळ टाकत होते. ते उठून आले, दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात मिनिटभर धरला आणि माझ्यापुढे केला. 72 अंश फॅरनहाइट. म्हणजे 22 सेल्सियस. पुण्याच्या माणसाला त्या पाण्यात पाय घालायला हुडहुडी भरेल. पण ट्राउटसाठी ते तापलेलं पाणी होतं.

तेव्हापासून कुणी नवशिका विचारतो "कुठला रॉड घेऊ?", तर मी म्हणते, आधी पंधरा-वीस डॉलरचा थर्मामीटर घ्या. पुढचं सगळं त्यावरून ठरतं. बे एरिया आणि सॅक्रामेंटोकडच्या आपल्या मंडळींना डोळ्यांपुढे ठेवून लिहितेय, म्हणून ठिकाणं उत्तर कॅलिफोर्नियाची आहेत.

आधी आकडे पाठ करा

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. पाणी 10 ते 16 सेल्सियस असलं की तो मजेत असतो, भरपूर खातो. 18 च्या पुढे त्याची धाप वाढते. 20 ओलांडलं की गळाला लागलेला मासा सोडला तरी जगेलच याचा भरवसा नाही, आणि पंचविशीच्या आसपास तो गळाशिवायही मरतो. कारण साधं आहे. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. 10 अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे 11 मिलिग्रॅम मावतो, 20 अंशांच्या पाण्यात 9. आणि मावणारा कमी होतो तेव्हाच माशाची गरज वाढलेली असते, कारण त्याच्या शरीराचा वेग पाण्याच्या तापमानावर चालतो. माझा मासा दमून नव्हता मेला, गुदमरून मेला होता.

कॅलिफोर्नियाच्या मत्स्य आणि वन्यजीव विभागाने 2021 च्या दुष्काळात मासेमारांना विनंती केली होती की पाणी 67 फॅरनहाइटच्या (साधारण साडेएकोणीस सेल्सियस) वर गेलं की थांबा, म्हणजे बहुतेक नद्यांवर दुपारी बाराला घरी. मोंटाना राज्यात हे विनंतीवर सोडलेलं नाही. तिथे पाणी सलग तीन दिवस 73 फॅरनहाइटला पोचलं की दुपारी 2 ते मध्यरात्र मासेमारी बंद करता येते. या बंदीला तिकडे 'हूट आउल' म्हणतात, घुबडाच्या वेळेला उठणाऱ्यांचीच मजा म्हणून असेल. माझा स्वतःचा आकडा 65 आहे. तिथे मी दोरा गुंडाळायला लागते, कारण 'अजून एकच टाकते' म्हणेपर्यंत दोन अंश कधी वाढतात कळत नाही.

मोजायचं कुठे? काठाजवळच्या साचलेल्या पाण्यात नाही, वाहत्या धारेत, सावलीत, मिनिटभर. पोचल्यावर एकदा आणि मग दर तासाला.

एक गैरसमज इथेच काढून टाकते. 'सकाळ नाही जमली, संध्याकाळी ऊन उतरल्यावर जाऊ' हे दुष्काळात चालत नाही. हवा गार झाली तरी नदी गरमच असते. दिवसभर तापलेले धोंडे उष्णता सोडत राहतात आणि पाण्याचं सर्वांत जास्त तापमान दुपार कलल्यावर येतं. सर्वांत थंड पाणी सूर्योदयाच्या आसपास. पहाटे चारला गाडी काढायची तयारी नसेल तर ऑक्टोबरपर्यंत थांबा.

घरी बसून करायची कामं

सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला राज्याचं मासेमारीचं लायसन्स लागतं. ऑनलाइन निघतं आणि 2023 पासून खरेदीच्या तारखेपासून 365 दिवस चालतं. आधी ते डिसेंबरअखेर संपायचं, त्यामुळे ऑगस्टात घेणारा फसायचा. वर्षातून दोन दिवस, एक 4 जुलैच्या सुमारास आणि एक लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) सुमारास, लायसन्सशिवाय गळ टाकता येतो. पण नेमके हे दोन्ही दिवस उन्हाळ्याच्या काहिलीत येतात, तेव्हा सकाळीच उरका. जिथे जायचं त्या नदीचे नियम मत्स्य विभागाच्या साइटवर वाचा. एकाच नदीच्या दोन पट्ट्यांना वेगळे नियम असू शकतात आणि दुष्काळात तातडीची बंदीही लागते.

मग नदीचा आकडा बघा. इथे आपल्याला आयतीच सोय आहे. अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं नद्यांवरच्या मापन केंद्रांचे आकडे चालू वेळेत ऑनलाइन देतं, आणि एकक आपलंच, क्युसेक. खडकवासल्यातून किती क्युसेक विसर्ग सोडला हे पावसाळ्यात रोज ऐकत वाढलेल्या माणसाला यात शिकायचं काही नाही. आजच्या आकड्याबरोबर त्या तारखेची अनेक वर्षांची मधली पातळीही तिथे दाखवतात. आजचा आकडा तिच्या निम्म्याखाली असेल आणि हवामान नव्वद फॅरनहाइटपार सांगत असेल, तर ती नदी त्या आठवड्यापुरती सोडून द्या. काही केंद्रांवर पाण्याचं तापमानही असतं. ते असलं तर कालचा आलेख बघून आज किती वाजता निघावं लागेल ते घरीच कळतं.

वणव्यांचंही बघूनच निघा. 2021 च्या ऑगस्टअखेरीला वन विभागाने कॅलिफोर्नियातली सगळी राष्ट्रीय वनं लोकांसाठी बंद केली होती. आम्ही तंबू, डबे, सगळं गाडीत भरून बसलो होतो.

पाणी कुठे थंड असतं

ट्रकी नदी ताहो सरोवरातून निघते. सरोवराला 6,223 फुटांवर नैसर्गिक उंबरा आहे. पातळी त्याच्या खाली गेली की सरोवरातून नदीत थेंब जात नाही. ऑक्टोबर 2014 मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर 2021 मध्ये तेच झालं. ताहो सिटीला नदीवर जो पूल आहे तिथे लोक कठड्यावरून ओणवे होऊन खालचे ट्राउट बघतात (ओणव्या लोकांचं मागून जे दर्शन होतं त्यावरूनच पुलाला 'फॅनी ब्रिज' नाव पडलंय). बर्फावर आणि वरच्या पाण्यावर जगणाऱ्या अशा नद्या दुष्काळात सर्वांत आधी मोडतात. नवशिक्याने जूनअखेरीनंतर त्यांच्या वाटेला जाऊ नये.

मग जायचं कुठे? पहिली जागा धरणाखाली. मोठ्या धरणातलं तळाचं पाणी वरच्यापेक्षा कितीतरी थंड असतं, आणि तळातून सोडलेला विसर्ग भर उन्हाळ्यात नदी गार ठेवतो. बे एरियाहून दीड-पावणेदोन तासांवर, विंटर्स गावाजवळ, मॉन्टिसेलो धरणाखाली प्यूटा क्रीक आहे. धरण 1957 चं, मागे बेरिएसा तलाव. उन्हाळ्यात शेतीसाठी पाणी सुटतं तेव्हा हा ओढा भरून वाहतो. आपल्याकडे उन्हाळी आवर्तन सुटल्यावर कालव्याचं जसं होतं, तसंच. बाकीच्या नद्या गुडघ्याएवढ्या आणि हा मात्र दुथडी. मासे जंगली रेनबो ट्राउट, पकडून सोडायचेच, आणि कमालीचे शहाणे. चार खेपा रिकाम्या हाताने आलात तरी वाईट वाटून घेऊ नका. मला पाचव्या खेपेला मिळाला.

रेडिंगला शास्ता आणि केझविक धरणांखालची सॅक्रामेंटो नदी हीसुद्धा त्याच जातीची. हवा 105 फॅरनहाइट आणि पाण्यात पाय बधिर. पण उन्हाळ्यात तिचा विसर्ग इतका मोठा असतो की पायी उतरणं नवख्याचं काम नाही. गाइडची होडी घ्या. आणि धरण आहे म्हणजे थंड पाणी कायम मिळेल असंही धरून चालू नका. शास्ताला कोणत्या खोलीचं पाणी सोडायचं हे ठरवता यावं म्हणून 1997 मध्ये खास यंत्रणा बसवली. तरी 2014 आणि 2015 मध्ये तळाचा थंड साठाच पुरला नाही आणि चिनूक सामन माशांच्या हिवाळी कळपाची त्या वर्षांची बहुतेक अंडी आणि पिल्लं नदीत मेली. धरण पाव भरलंय असं वाचलंत तर खालच्या नदीत थर्मामीटर बुडवूनच काठी जोडा.

दुसरी जागा झऱ्याच्या नद्यांची, आणि माझी सर्वांत आवडती. बर्नी गावाकडे हॅट क्रीक आणि फॉल रिव्हर आहेत. तिथला खडक आपल्या सह्याद्रीसारखाच काळा, ज्वालामुखीचा. फरक एवढाच की आपला बेसॉल्ट म्हातारा आणि घट्ट, इथला लाव्हा भूशास्त्राच्या हिशेबात कालपरवाचा, भेगाळलेला. बर्फाचं पाणी त्यात मुरतं आणि पुष्कळ काळाने खाली झरा होऊन फुटतं, वर्षभर जवळजवळ त्याच तापमानाचं. एका कोरड्या वर्षाने या नद्यांना फारसं काही होत नाही, पण लागोपाठ दोन-तीन आली की झरेही खाली बसतात. हॅट क्रीकवर वीजगृह क्रमांक 2 च्या खालचा खळाळ नवशिक्यांना बरा. फॉल रिव्हरला काठ बहुतेक खासगी, होडी लागते.

तिसरी जागा उंचावर. त्याबद्दल तलावांच्या भागात.

सामान आणि फेकणं

नऊ फुटी, पाच वजनाचा (हा लाइनच्या वजनाचा क्रमांक) रॉड, त्याला साजेसं रील, तरंगणारी लाइन. सुरुवातीचा संच दीडशे-दोनशे डॉलरांत येतो आणि पुरतो. आपल्याकडे गळ फेकतात तो शिशाच्या वजनावर. इथे माशी, म्हणजे पिसं-दोऱ्याने मढवलेला गळ, वजनाने शून्य असते. वजन लाइनमध्ये असतं आणि फेकायची ती लाइन. माशी मागून जाते. घड्याळाच्या दहा आणि एकच्या मध्ये काठी हलवायची आणि मागे गेलेली लाइन सरळ होईपर्यंत थांबायचं. थांबला नाहीत तर आसुडासारखा कडाका ऐकू येईल आणि माशी तुटलेली असेल. पार्कमधल्या गवतावर, गळाच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून, आठवडाभर वीस-वीस मिनिटं करा. लोक बघतात. बघू द्या.

लाइनच्या टोकाला लीडर नावाचा निमुळता तंगूस आणि त्याच्या टोकाला बारीक टिपेट. टिपेटचे आकडे उलटे चालतात: 4एक्स जाड, 6एक्स बारीक. अकरातून एक्सचा आकडा वजा करा, तेवढे हजारांश इंच जाडी. दुष्काळात पाणी उथळ आणि काचेसारखं असतं, म्हणून दुकानातले लोक 6एक्स, 7एक्स गळ्यात मारतात. माझं मत वेगळं आहे. बारीक दोरा म्हणजे माशाला जपून ओढणं, म्हणजे लांबलेली झुंज, म्हणजे मेलेला मासा. लीडर बारा फुटांपर्यंत लांब करा, पण टिपेट 5एक्सपेक्षा बारीक घेऊ नका. दोन मासे कमी लागतील.

माश्यांचा डबा नवशिक्याला रिकामा करतो. चार-पाच प्रकार पुरतात: पॅराशूट ॲडम्स आणि एल्क हेअर कॅडिस वर तरंगायला, फेझंट टेल आणि झेब्रा मिज खाली बुडायला. आकडा जितका मोठा तितका गळ लहान. 14 ते 18 घ्या, मिज 20 चा. आणि उन्हाळ्यासाठी एक नाकतोडा, एक मुंगी. वाळलेल्या गवतात नाकतोडे माजतात आणि वाऱ्याने पाण्यात पडतात, तेव्हा एरवी नखरे करणारा मासा भान विसरतो. प्रत्येक गळाच्या टोकाजवळची उलटी आकडी पकडीने दाबून सपाट करा. बऱ्याच पाण्यांवर तसा नियमच आहे, आणि नसला तरी करा.

नदीत उतरण्याआधी

पाच मिनिटं नुसतं उभं राहा. ट्राउट धारेच्या उगमाकडे तोंड करून असतो, म्हणून खालून वर सरकायचं. कमी पाण्यात त्याला तुमची सावली, पांढरा टी-शर्ट, हातातल्या घड्याळाची तिरीप, सगळं दिसतं. मी बऱ्याचदा गुडघ्यांवर असते. पायी उतरलात की लाट डोहाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि सगळा डोह बंद पडतो, तेव्हा काठावरून जमत असेल तर काठावरूनच.

पहाटे मासे खळाळाच्या खालच्या टोकाला चरायला येतात. ऊन चढलं की डोहात, नाहीतर जिथे पाणी धोंड्यांवरून फेसाळत पडतं तिथे शिरतात, कारण प्राणवायू तिथे मिसळतो. माशी अशा ठिकाणापासून उगमाच्या बाजूला चार-पाच फुटांवर टाका आणि पाण्याच्या वेगाने येऊ द्या. लाइनने ओढली जाऊन माशीमागे बारीक रेघ उमटली तर मासा ओळखतो. लाइनचा मधला झोळ उचलून उगमाच्या बाजूला ठेवायला शिका. सगळ्या तंत्रात हे एक आलं तरी मासे लागतात.

दोन जागी मात्र गळ टाकू नका. नदी तुटून डोहात अडकलेले मासे, आणि थंड ओहोळ नदीला मिळतो त्या तोंडाशी दाटीने उभे असलेले मासे. सोपे वाटतात. चारा छावणीत बांधलेल्या जनावरांचा बाजार मांडण्यासारखं आहे ते.

तलाव

उन्हाळ्यात तलावाचं पाणी थरांत वाटलं जातं: वर कोमट, खाली थंड, मध्ये तापमान झपाट्याने उतरतं तो पट्टा. ट्राउट त्या पट्ट्याच्या आसपास जातो. अगदी तळाला थंडावा असतो, पण तिथला प्राणवायू उन्हाळाअखेर संपत येतो. दुष्काळात पाणी उतरलं की वरून ऊन आणि खालून घुसमट, असा मासा मधल्या चिंचोळ्या थरात कोंडला जातो. सखल तलावांवर ऑगस्टात काठावरून फ्लाय फिशिंग म्हणजे वेळ घालवणं.

म्हणून वर जा. टायोगा खिंडीजवळचं सॅडलबॅग लेक दहा हजार फुटांवर आहे. तिथे ऑगस्टातही पहाटे बोटं गारठतात. ताहोच्या पश्चिमेला डेझोलेशन वाइल्डरनेसमध्ये तळी पायवाटेवर आहेत, दिवसभराच्या भटकंतीलाही परवाना भरावा लागतो. काठावरून जिथे पाण्याचा रंग हिरव्याचा निळा होतो, त्या कड्यावर मुंगी टाका. वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे किडे साचतात, मासेही तिथेच. ओढा तलावाला मिळतो ते तोंड आधी बघा. इथले ब्रूक ट्राउट वीतभर, पण भुकेले. नवशिक्याचा उत्साह टिकवायला यांच्यासारखं कुणी नाही.

सखल तलावांचा दुष्काळात एक उपयोग मात्र आहे. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवाचं मंदिर उघडं पडतं, तसा इथेही तळ उघडा पडतो: जुना ओढा, खोडं, धोंड्यांची रास. फिरा आणि फोटो काढून ठेवा. पाणी परत चढलं की मासे तिथेच उभे राहणार. फक्त ओल्या गाळावर पाय देऊ नका. वरून भेगाळलेला दिसतो आणि मांडीपर्यंत गिळतो.

मासा लागल्यावर

काठी आडवी धरून जोर लावा, मिनिट-दीड मिनिटात जाळीत घ्या. जाळी रबराची. हात आधी ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गळ पाण्यातच, जाळीतच काढा. गरमीत फोटो नको. फारच हौस असेल तर तो पाण्यात असतानाच काढा. उगमाकडे तोंड करून हलकं धरा आणि तो स्वतः शेपटी मारून हातातून निघेपर्यंत थांबा. मागेपुढे हलवू नका.

"पकडलास ना, मग सोडतेस कशाला?" आई फोनवर विचारते. प्रश्न बरोबर आहे. माझं उत्तर असं: जंगली माशांच्या नदीत सोडते, आणि नियम परवानगी देतात त्या तलावांत, जिथे विभागाने मासे आणून सोडलेत, तिथून दोन घरी नेते. कोमट पाण्यात वीस मासे 'सोडणारा' दोन खाणाऱ्यापेक्षा जास्त मारतो. ट्राउटला खवले बारीक, साफ करायला पाच मिनिटं. आगळ, लसूण, तिखट लावून रव्यात घोळवा.

घरी आल्यावर एक काम राहतं. प्यूटा क्रीकमध्ये न्यूझीलंडची चिखलगोगलगाय शिरली आहे, तिळाएवढी. बुटाच्या शिवणीत बसून ती पुढच्या नदीत जाते. बूट ब्रशने घासा आणि दोन दिवस कडकडीत उन्हात वाळवा, नाहीतर किमान सहा तास फ्रीजरमध्ये ठेवा. आमच्या फ्रीजरमध्ये खोवलेल्या नारळाच्या डब्याशेजारी दुहेरी पिशवीत माझे बूट असतात. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी पिशवी उघडून बघितली, परत बांधली, आणि नारळ वरच्या कप्प्यात हलवला.